न आलेल्या अर्जांचा गुरुवार

गुरुवार, ३ जानेवारी १९५७

आज सकाळी विजयकरसाहेबांनी भिंतीवरचा हिरवा पडदा बाजूला सारला, आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं. सरोजिनीला पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशीही मी हेच वाक्य लिहिलं होतं, म्हणून पुन्हा लिहायला जरा लाज वाटते. पण तेव्हा बदललो होतो तो एकटा मी. आज शहर बदललं.

पडद्यामागे भिंतभर पांढरा फळा. डाव्या कडेला वरून खाली कुलाबा, बोरीबंदर, गिरगाव, भायखळा, लालबाग, परळ, दादर, पार वडाळ्यापर्यंत. वरच्या कडेला पहाटेपासूनचे तास. आणि टाचण्यांवरून तिरके ताणलेले दोरे, इतके की मागचा फळा दिसेना. एक दोरा म्हणजे एक गाडी. ती दादरला निघाली की दोरा उतरतो, परत फिरली की चढतो. लाल दोरे ट्रामचे, निळे बसचे. "इथे बघ," साहेब म्हणाले, "सातला गिरण्यांची पाळी बदलते. दोरे कसे दाटलेत?" परळ-लालबागवर खरंच विणल्यासारखं दिसत होतं. डेपो, वर्कशॉप, तिकीटखातं, रस्त्यावरचे तपासनीस, सगळे या फळ्यावरच्या दोऱ्यांप्रमाणे हलतात. मला वाटायचं मुंबई आपली आपण चालते, भरती-ओहोटीसारखी. ती रोज कुणीतरी बसून विणतं, हे मला एकवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

मामांच्या ओळखीनं बसखात्याच्या वेळापत्रक विभागात हंगामी कारकून म्हणून लागलो आहे. पडद्याआधी साहेबांनी विचारलं होतं, "इंटर मधेच का सोडलंस?"

"महाराष्ट्रासाठी."

"महाराष्ट्रानं सांगितलं होतं का?"

डोकं असं तापलं की नोकरी तिथेच तोंडावर फेकणार होतो. मग पडदा सरला. राग कुठे गेला कळलं नाही.

सोमवार, ७ जानेवारी

सरोजिनी आज स्वतःहून बोलली. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर कोठाऱ्यांचं बिऱ्हाड, चार पिढ्यांचं गिरगावकर घराणं. मी दोन वर्षं त्यांच्या गॅलरीकडे बघतोय आणि ती दोन वर्षं रस्त्याकडे.

"भालू, तू आता बसखात्यात ना? मग आमचा अर्ज कुठे अडकलाय बघ की."

तिच्या वडिलांनी, अप्पा कोठाऱ्यांनी, गिरगाव ते दादर संध्याकाळी जादा गाडी मिळावी म्हणून अर्ज केलाय. डॉक्टर, वकील, दोन निवृत्त न्यायाधीश, सगळ्यांच्या सह्या. सरोजिनी दादरला गाणं शिकते आणि संध्याकाळी गिरगावात येणारी गाडी आधीच भरलेली असते.

"जाताना एक वेळ ठीक रे. पण क्लास सुटल्यावर मनमोहन बिचारा मला स्टॉपपर्यंत सोडायला येतो. गुरुजींचा पुतण्या. किती वेळ उभं करायचं त्याला? सातची गाडी असली तर तो थेट गिरगावापर्यंत येऊ शकेल आणि त्याच गाडीनं परत जाईल."

परक्या मुलाच्या पायांची एवढी काळजी करणारी मुलगी मी दुसरी पाहिली नाही. म्हटलं, "गाडी आणतोच. न आणली तर तोंड दाखवणार नाही."

"तसं नको बोलूस," ती म्हणाली. तेवढ्यावर मी आठवडा काढीन.

गुरुवार, १७ जानेवारी

आज एक नवल पाहिलं. दर गुरुवारी दुपारी आमच्या विभागात आलेल्या अर्जांचा निकाल लागतो. ते संपले की साहेब अर्जांचा ट्रे पालथा घालतात आणि म्हणतात, "आता न आलेले." मग प्रत्येकानं एकेका वस्तीचं नाव घ्यायचं, जिथून बरेच दिवसांत काहीच आलेलं नाही. तक्रार नाही, विनंती नाही, आमदाराची चिठ्ठी नाही. तिथे कुणाला तरी पाठवतात, फक्त बघून यायला.

मी नवा, गप्प बसायला हवं होतं. म्हणालो, "साहेब, ज्यांना पाहिजे ते मागतील की. आम्ही महाराष्ट्र मागतोच आहोत, घसा फोडून."

"तुमच्याकडे भोंगा आहे, बाळ."

सगळे हसले. साहेब मात्र हसले नाहीत. म्हणाले, "पंगतीत कधी वाढलंयस? जो 'इकडे भात, इकडे भात' करतो त्याच्या पानात बहुतेक भात असतो. वाढप्यानं बघायचं कोपऱ्यातल्या शेवटच्या पानाकडे. तो माणूस मागत नाही. त्याला वाटतं, संपला असेल. सगळ्यांना एकेक डाव वाढला म्हणजे न्याय झाला, असं नसतं रे. कुणी घरून जेवून आलेला असतो."

मी कॉलेजात अर्थशास्त्राच्या दोन वर्गांना बसलो. असलं काही तिथे नव्हतं.

मग मुद्दा निघाला. वर्कशॉपमधून एक गाडी दुरुस्त होऊन सुटते आहे. एकच. तिच्यावर गिरगावचा अर्ज आहेच. तेवढ्यात कुणीतरी न आलेल्यांत वडाळ्याचं नाव घेतलं. मिठागराकडच्या वस्तीतून परळला जाणारी गाडी गेल्या मे महिन्यात उतारू नाहीत म्हणून बंद केली. त्यावर एक ओळ आली नाही.

"गाडी बंद झाली आणि कुणी शिवीसुद्धा घातली नाही," साहेब म्हणाले. "मुंबईत हे कधी ऐकलंय?"

ठरलं असं: चार फेब्रुवारीपासून ती गाडी वडाळ्याला चालवून बघायची. त्या गुरुवारी निकाल. माणसं बसली तर वडाळा, नाहीतर गिरगाव. गाडीबरोबर मी.

सोमवार, ४ फेब्रुवारी

गाडी रिकामी गेली, रिकामी आली. कंडक्टर सीताराम म्हणाला, "चला साहेब, खात्याच्या पैशानं हवा खाऊ." मिठाचे ढीग, रेल्वेचं यार्ड, झोपड्या, एका पत्र्यावर निवडणुकीचं पोस्टर. स्टॉपवर बायका उभ्या होत्या. गाडी थांबली, त्या बाजूला झाल्या, गाडी निघाली, त्या मागून चालू लागल्या. डोक्यावर बोचकी.

संध्याकाळी सरोजिनी गॅलरीत होती. मी रस्त्यातून मूठ उंचावली. ती हसली.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

पुन्हा तेच. पण आज एक म्हातारी पाहिली. गाडी थांबल्यावर ती पुढे आली, पायरीपाशी हात जोडले, पुटपुटली आणि मागे सरली. माझं टाळकं फिरलं. उतरून ओरडलो, "घाबरता कशाला? ही तुमचीच गाडी आहे."

एक तरणी बाई चालता चालता म्हणाली, "ठावं हाय."

बस. एवढंच. मग बसत का नाहीत?

बुधवार, ६ फेब्रुवारी

काल साहेबांना सगळं आनंदानं सांगितलं होतं. ते म्हणाले, "माणसं गाडीत बसत नाहीत याचा अर्थ त्यांना कुठे जायचं नाही, असा नाही. तू गाडीत बसून काय बघतोस? उतर आणि चाल."

आज चाललो. म्हातारीचं नाव कौसल्या. परळला एका हॉस्पिटलची चादरी-कापडं धुते. तिच्या पावलांशी पावलं जुळवताना मला धाप लागली. तिला नाही. विचारलं, "आजी, काल गाडीला काय म्हणालात?"

"म्हनलं, बाय, रागावू नगंस. तुजा काय दोष न्हाई."

"मग बसत का नाही?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मीच परगावचा. "सुतक हाय न्हवं."

तिचा मुलगा रामू गेल्या वर्षी जानेवारीतल्या गोळीबारात गेला. मोर्च्यातसुद्धा नव्हता, कामावरून येत होता. दुसऱ्या दिवशी दादरची पोरं लॉरीतून आली. सगळ्या वस्तीपुढे भोंग्यावरून सांगितलं: रामूचं सुतक सगळ्यांनी पाळायचं, तेरा दिवस गाडीत पाय ठेवायचा नाही, चालत जायचं, सरकारला कळू दे; आम्ही येऊन सुतक उठवू.

"मग?"

"मग आलंच न्हाई कुनी."

"अहो, तेरा दिवस होऊन वर्ष झालं."

"दिस झालं रं. पर ज्यानं बसवलं त्यानं उठवाया नगं? माज्या पोरासाटी आख्खी वस्ती चालतीया. मी कशी म्हनू, पुरं झालं म्हनून?" आणि मागच्या बायकांकडे मान करून हळूच म्हणाली, "आन त्या मला कशा म्हनतील?"

मला पुढे चालवेना. ही सगळी वस्ती, एकमेकींकडे बघत, एक वर्ष उन्हापावसातून चालते आहे. त्यांची गाडी त्यांच्या चालण्यामुळेच बंद झाली, तीही त्यांनी निमूट जाऊ दिली. खात्याच्या हिशेबी उतारू नाहीत. त्या लॉरीत मी नव्हतो. पण त्या महिन्यात गिरगावात असल्या घोषणा मीही केल्या, आणि कुठेही परत गेलो नाही.

घरी आलो तर रथसप्तमीचं हळदीकुंकू. सरोजिनी आलेली. जाताना जिन्यात म्हणाली, "उद्या गुरुवार ना? वडाळ्याला कुणी बसत नाही म्हणे. म्हणजे झालंच आपलं काम."

तिनं 'आपलं' म्हटलं.

मला फक्त गप्प बसायचं आहे. खोटं काही बोलायचं नाही. गाडी रिकामी गेली हे खरंच आहे.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

वडाळ्याचा विषय निघाला. "चारही दिवस रिकामी," वरचे अधिकारी म्हणाले. "मग गिरगाव." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फळ्याकडे पाहत होतो. वडाळ्याच्या रेघेवर एकही दोरा नव्हता आणि तिथून रोज सकाळी कौसल्याबाई चालते. ती त्या फळ्यावर कुठेच नव्हती.

"रिकामी नाही गेली," मी म्हणालो. आवाज फार मोठा निघाला. "त्या गाडीसाठी पुरी वस्ती होती. चालत होती." आणि मग सगळं ओकलो, राग, सुतक, लॉरी. कुणालातरी शिव्याही दिल्या, बहुतेक मलाच. संपलं तेव्हा अधिकाऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. एवढे मोठे लोक एका धुणेवालीच्या शब्दापुढे गप्प बसलेले मी आयुष्यात पाहिले नव्हते. मला वाटायचं, असल्या खोल्यांत आमच्याविरुद्ध कट शिजतात.

साहेब उठले. निळा दोरा घेतला, वडाळ्याच्या टाचणीला स्वतः बांधला, दुसरं टोक लोंबतं सोडलं.

"हे टोक त्यांनी बांधायचं. पुढच्या गुरुवारपर्यंत बसले नाहीत, तर हा दोरा गिरगावचा."

घरी येताना कोठाऱ्यांच्या गॅलरीकडे पाहिलं नाही.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

पहाटे वडाळ्याला जाऊन कौसल्याबाईंना सांगितलं, "आजी, सुतक उठलं."

"तू लारीत हुतास का?"

हो म्हणालो असतो तर मिटलं असतं. ओठांवर आलंही होतं. तिनं डोळे बारीक केले आणि मला ते खोटं बोलता येईना. "नाही."

"मग तुज्या सांगन्यानं कसं उठंल, पोरा? तू चांगला हाईस. पर तुजं काम न्हवं हे."

रविवार, १० फेब्रुवारी

लॉरीतल्या पोरांचा माग काढत दादरला मैदानाजवळच्या क्लबात गेलो. सगळे निवडणुकीच्या पताका लावण्यात गुंग. "वडाळ्याची लॉरी?" एकजण शिडीवरून म्हणाला, "भोंग्यावर मनमोहन होता ना. गायनवाल्यांचा. गळा गोड म्हणून त्यालाच द्यायचे."

सरोजिनीचा मनमोहन. गायनवर्गात एकटाच तंबोरा लावत बसला होता. उंच, सावकाश बोलणारा, सज्जन. मी सांगत गेलो तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"मी म्हणालो होतो, येईन म्हणून?"

"आम्ही येऊन उठवू, असं म्हणालास."

"ताप आला होता रे मला. मग... राहूनच गेलं." तंबोऱ्यावरचा हात तसाच राहिला. "वर्षभर?"

मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. भांडायला समोर कुणी उरलंच नाही. तो लगेच म्हणाला, "मंगळवारी येतो. भोंगा नको." दारापर्यंत सोडायला आला, घुटमळला. "भालू, सरोजिनीविषयी तुला एक सांगायचं होतं. तू तिच्या शेजारचा, म्हणून म्हटलं..."

"नंतर सांग रे. आधी हे होऊ दे." तिच्या गाण्याच्या प्रगतीबद्दल असणार. अशा वेळी मला ऐकवलं नसतं.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

आज जे पाहिलं ते लिहून होणार नाही, तरी लिहितो.

गाडी आली तेव्हा वस्ती जमलेली होती. कुणी सांगितलं होतं देव जाणे. मागे मिठाच्या ढिगापाशी विजयकरसाहेब, टोपी हातात. मनमोहन पुढे झाला. बोलायला तोंड उघडलं आणि तो गोड गळा बंदच पडला.

"त्या दिशी बरा वरडत हुतास," कौसल्याबाई म्हणाली.

बायका हसल्या. त्या हसण्यानं तो सुटला. खाली वाकून म्हणाला, "सुतक उठलं, आई. तेराव्या दिवशी यायचं होतं मला. नाही आलो."

तिनं त्याला बराच वेळ वाकलेलं राहू दिलं. मग म्हणाली, "ऊठ."

सीताराम घंटीच्या दोरीला हात लावून उभा होता. पण कौसल्याबाई गाडीकडे आलीच नाही. नळाकडे गेली. सुतक फिटल्यावर अंघोळ हवी, ती इथे कुठली, म्हणून तिनं पाय धुतले, तोंडावरून ओला हात फिरवला आणि तशीच पायरीवर चढली. तिच्यामागे दुसरी नळावर गेली. मग तिसरी. सगळी रांग नळावरून गाडीत. पायरी ओली झाली, फळीवरून पाणी वाहायला लागलं. गाडीला उशीर होत होता. मला तो फळा दिसत होता: हा दोरा ढळला की परळचा ढळणार, परळचा ढळला की लालबागचा. मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी घड्याळ काढलं, पाहिलं, झाकण मिटून खिशात टाकलं.

"आज दोरा वाकडा जाऊ दे," म्हणाले.

सीतारामनं एकीलाही घाई केली नाही. त्यानं शेवटच्या बाईला हात दिला, मगच घंटी वाजवली.

कौसल्याबाईनं कमरेची चंची सोडून तिकीट घेतलं, खिडकीशी बसली. गाडी यार्डाच्या कडेनं निघाली. वर्षभर पायांखाली घातलेली वाट ती बघत होती. परळ आलं तशी माझ्याकडे वळली.

"एवढीशीच हाय व्हय ही वाट?"

दुपारी साहेबांनी दोऱ्याचं दुसरं टोक टाचणीला बांधलं. शेकडो दोऱ्यांतला एक. मी डोळे मिटूनही तो दाखवू शकेन.

बुधवार, १३ फेब्रुवारी

तोंड दाखवणार नाही असं म्हटलं होतं, पण न सांगता राहणं भेकडपणाचं झालं असतं. संध्याकाळी कोठाऱ्यांकडे गेलो.

"या भालचंद्रराव," अप्पा आरामखुर्चीतून म्हणाले. "आमचाच वकील फुटला म्हणतात. न्यायाधीशांच्या सह्यांपेक्षा धुणेवाल्या जड झाल्या का?"

एरवी मी उसळलो असतो. आज म्हणालो, "हो अप्पा." ते पेपर घेऊन आत गेले.

सरोजिनी दारापाशी उभी होती. मी तिला सगळं सांगितलं. रामू, लॉरी, मनमोहन कसा वाकला, नळ, ओली पायरी, परळला कौसल्याबाई काय म्हणाली तेही. असं सलग मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. ती फार लक्ष देऊन ऐकत होती, मनमोहनचं तर दोनदा विचारून घेतलं.

"म्हणजे सातची गाडी आता नाहीच?"

"यंदा नाही. दुसरी गाडी सुटेपर्यंत."

"मनमोहन काही म्हणाला? माझ्याबद्दल?"

"सांगणार होता काहीतरी. मीच म्हटलं, नंतर सांग, आधी वडाळा."

ती खाली बसली, पदर तोंडाशी नेला आणि रडायला लागली. आवाज न करता, खांदे हलत होते. मी कौसल्याबाईचं ते शेवटचं वाक्य सांगायला नको होतं. मला स्वतःलाच ते काल दिवसभर पेललं नव्हतं. वडाळा तिनं पाहिलेलंही नाही. आपली गाडी गेली त्याचा राग नाही, अप्पांसारखा टोमणा नाही. कुठल्या कोण बायकांसाठी ही मुलगी अशी रडू शकते. मी दोन वर्षं तिच्या दिसण्यावरच थांबलो होतो.

"सरोजिनी, त्या आता गाडीनं जातात," मी म्हणालो.

"तू जा, भालू," ती पदराआडून म्हणाली. "जा ना."

एवढं मोठं रडणं चालू असताना माझ्यासारख्यानं तिथे उभं राहणं बरं नव्हतं. मी चपला हातात घेतल्या, पाय न वाजवता बाहेर आलो आणि दार सावकाश ओढून घेतलं.